दाण्यातली कणी

मागच्या वर्षी १४ जानेवारीला आमच्या घरी २२ माणसं जेवायला होती आणि त्यातल्या एकानंही हुग्गी दुसऱ्यांदा मागून घेतली नाही.

गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची दुपार ज्याला माहीत आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल. सकाळपासून नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर चालून, संमती कट्ट्यावर अक्षता टाकून, होम मैदानाची धूळ पायांवर घेऊन आलेली माणसं ही. बाराबंदी घामानं पाठीला चिकटलेली. अशा भुकेपुढे शिळी भाकरीसुद्धा पंचपक्वान्न होते. त्यातून सगळी घरचीच, मला दुखवायला कुणी धजणार नाही अशी. चुलतभाऊ पहिल्या घासाला "वा" म्हणाला आणि मग बराच वेळ नुसता चघळत राहिला. त्याची बायको वाटीत दूध ओतत होती, ओततच होती. धाकट्या भाच्यानं मात्र भीड ठेवली नाही. "मामा, यात खडे हायत काय?"

खडे नव्हते, गहूच होते. फुगलेले, गुळानं तांबूस चकाकणारे, वरून अगदी शिजल्यासारखे दिसणारे. दाताखाली आले की कच्चकन बोलायचे. आतली कणी गेलेली नव्हती.

दोड्डव्वा, म्हणजे माझी मोठी चुलती, वय ८४. तिनं दोन चमचे खाल्ले, वाटी हातभर लांब सरकवली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बेल्लक्क गडबड माडिदी." गुळाची घाई केलीस. बस, एवढंच. ना राग, ना चेष्टा. डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतात तसं.

हुग्गी म्हणजे काय असं सोलापूरबाहेरच्या कुणी विचारलं की मी "गव्हाची खीर" असं सांगून मोकळा होतो, पण सांगताना थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं. खीर वाहते. हुग्गी वाहत नाही. पळीनं ताटात टाकली की ती आपली जागा धरून बसते, मधे बोटानं खड्डा करावा लागतो आणि त्यात तूप सोडावं लागतं. दूध लागलं तर ज्यानं त्यानं वरून घ्यायचं. म्हैसूर-बंगळूरकडे हुग्गी म्हटलं की तांदूळ आणि मूगडाळीची, ती तिकडे संक्रांतीलाच करतात. आमची ती नव्हे. आमची गव्हाची, उत्तर कर्नाटकातून सरळ वर आलेली, विजापूर ओलांडून सोलापुरात पोहोचेपर्यंत तिला मराठी लोकांनी खीर म्हणायला सुरुवात केली एवढंच.

आमच्या घरात स्वयंपाकघर कानडी आणि बाहेरचा सोपा मराठी. पाहुणा आला की उंबऱ्यावर भाषा बदलते. पलीकडे पूर्व भागात गेलात तर पद्मशाली घरांत तेलुगू, आणखी पुढे दखनी. सोलापुरातला रिक्षावाला चार भाषांत भाडं नाकारू शकतो. त्यामुळे शाळेत मला 'आवडते पक्वान्न' या निबंधात हुग्गी लिहायची की खीर, हा प्रश्न पडला होता आणि मी शेवटी श्रीखंड लिहिलं होतं. तेव्हा मी श्रीखंड दोनदाच खाल्लं होतं.

अव्वा, म्हणजे माझी आई, होती तोवर हुग्गी आपोआप व्हायची. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आम्ही आचाऱ्याकडून आणवली. आचाऱ्याची हुग्गी वाईट नव्हती, पण तिच्यात जायफळ इतकं असायचं की दुपारचं जेवण झालं की घरभर घोरणं. बायको लातूरकडची. तिच्या माहेरी गव्हाची खीर होते, पण दुधात आटवलेली, पातळ, बिनबडीशेपेची. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं ती हौसेनं केली तर आमच्याकडच्या एकानं "खीर छान झालीय, हुग्गी कधी?" असं विचारलं. त्या दिवसापासून ती या विषयात पडत नाही. "तुमची हुग्गी तुम्हीच करा," म्हणते, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

म्हणून मागच्या वर्षी मी केली. आणि जी चूक केली ती माझ्यासारख्यानं करायला नको होती, कारण मी २३ वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंगला आहे. आमचं सगळं कामच मुळी आधी काय आणि नंतर काय याचं. कापसाच्या सुताला रंग देताना आधी रंग, मग मीठ, तेही टप्प्याटप्प्यानं, आणि सगळ्यात शेवटी सोडा. मिठानं रंग पाण्यातून सुताकडे सरकतो, सोड्यानं तो सुताला कायमचा धरतो. सोडा आधी पडला तर रंग जिथं असेल तिथंच धरून बसतो. एकाच लडीत इथं गडद, तिथं फिका. मग कितीही फिरवा, कितीही तापवा. नव्या पोरांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की ती माझी नक्कल करतात. आणि घरी? घरी मी गव्हाला दोन उकळ्या आल्या, दाणा फुगला, वेळ साडेअकरा झाली हे बघितलं आणि गूळ ओतला.

गुळाचंही तसंच असतं. तो पडला की भांड्यातलं मोकळं पाणी स्वतःकडे ओढून धरतो आणि दाण्यातल्या स्टार्चला फुगायला पाणी उरत नाही. शिवाय गुळात कॅल्शियम असतं, हरभऱ्याची डाळ त्यानं आणखी हट्टी होते. गूळ पडण्याआधी दाणा जेवढा शिजला तेवढाच तो शिजला. पुढे तासभर ढवळा, तो गोड होईल, मऊ होणार नाही. हे मला नंतर नीट समजलं. दोड्डव्वाला शब्दात माहीत नव्हतं आणि बोटात माहीत होतं.

या वर्षी मी ठरवलं, गहू सडण्यापासून, म्हणजे कांडून साल काढण्यापासून करायचं. पाकीट आणायचं नाही.

हे जरा सांगायला हवं. हुग्गीला साधा गहू चालत नाही असं नाही, पण खरी हुग्गी खपलीची. खपली गहू लांबट, तांबूस, कंबर बारीक असलेला. नावातच त्याचं दुखणं आहे. इतर गहू मळणीत टरफल सोडून मोकळा होतो, हा होत नाही. दाणा खपलीत घट्ट बसलेला राहतो आणि कांडून काढावा लागतो. सांगली, बेळगावकडे आणि तिथून खाली कर्नाटकात तो टिकला. बुटक्या, भरघोस उताऱ्याच्या जाती आल्यावर शेतकऱ्यानं याला बांधावर ढकललं यात नवल नाही. एवढा उतारा देणार नाही, वर टरफलही सोडणार नाही, असा गडी कोण पोसणार?

पण याची एक गंमत मला फार आवडते. गव्हावरचा तांबेरा रोग एक नाही, त्याच्या अनेक जाती असतात, आणि कुठली जात आली आहे ते ओळखायला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात १२ निरनिराळ्या गव्हांचा एक संच पक्का केला होता. रोगाचा नमुना त्या १२ रोपांवर सोडायचा आणि कोण मान टाकतं, कोण तग धरतं ते बघायचं. त्या १२ जणांत एकाचं नाव 'खपली'. इंग्रजी अक्षरांत, पण खपलीच. तांबेऱ्यापुढे सहजासहजी मान न टाकणारा म्हणून त्याला निवडलेलं. आमच्या कसब्यातल्या बायका ज्याला "मेला शिजतच नाही" म्हणून शिव्या घालत होत्या, तो तिकडे परीक्षक म्हणून बसला होता.

आता त्याचे दिवस पुन्हा आलेत. मधल्या मारुतीजवळच्या भुसारी दुकानात विचारलं तर दुकानदारानं साध्या गव्हाच्या कितीतरी पट भाव सांगितला आणि वर म्हणाला, "शुगरवाल्यांसाठी घेलालाय काय?" मी हो म्हणालो. त्याला गुळाचा आकडा सांगायची हिंमत झाली नाही.

गहू आला. उखळ घरात होतंच. मागच्या अंगणात, नळाच्या शेजारी, अर्धं जमिनीत गाडलेलं काळं दगडी उखळ. गेली वीस वर्षं त्यात भांडी घासायची पावडर, काथ्या आणि कधीकधी पावसाचं पाणी असायचं. ते घासून काढायला मला एक अख्खा रविवार लागला. मुसळ मात्र नव्हतं. कुठं गेलं कुणालाच आठवेना. दोड्डव्वा म्हणाली, बोळाच्या तोंडाशी अमक्यांकडे असेल बघ, त्यांच्याकडे लग्नं फार होतात. बरोबर निघालं. लग्नात हळद कांडायला, घाणा भरायला मुसळ लागतं, म्हणून गल्लीत एखाद्या घरानं ते जपून ठेवलेलं असतं. माळ्यावरून काढून दिलं तर त्याला गेल्या लग्नातली आंब्याची वाळकी पानं अजून सुतानं बांधलेली होती. खाली लोखंडी वसवी झिजून एका बाजूला पातळ झालेली. मुसळ देताना त्या घरच्या काकू म्हणाल्या, "कुणाचं लग्न ठरलं?" मी म्हणालो, "सिद्धरामेश्वरांचं." त्या हसल्या, पण चुकीचं काही बोललो नव्हतो.

कारण १४ तारखेला लग्नच असतं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, ज्यांनी इथं तळं खोदलं, ६८ लिंगं स्थापली. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते म्हणाले, मी शिवाला वरलेला, माझं लग्न होणार नाही. तेव्हा तिनं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावून घेतलं. त्या लग्नाच्या अक्षता अजून दरवर्षी पडतात. आदल्या दिवशी ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक, १४ ला अक्षता, दुसऱ्या दिवशी होम, मग शोभेचं दारूकाम, मग कप्पडकळी, म्हणजे यात्रेची सांगता. सात नंदीध्वज, एकेक कमरेच्या पट्ट्यात एकट्यानं तोलायचा. लहानपणी मला एकच प्रश्न पडायचा: एवढं मोठं लग्न, मग पंगत कुठं? अव्वा म्हणायची, पंगत घराघरात. लग्न तिथं, जेवण इथं. म्हणून हुग्गी.

आता सडण्याचं. सोपं वाटतं. एक किलो गहू घेतले, पाण्याचा हबका मारला, ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवले. ओल एवढीच हवी की वरची साल सैल व्हावी, दाणा ओला होऊ नये. मग उखळात. मी मुसळ दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन असं हाणलं की अंगणातली मांजर भिंतीवर गेली. दहा-बारा घाव घातल्यावर दोड्डव्वानं हात वर केला. तिला खुर्चीवर उन्हात बसवलं होतं, मांडीवर सूप. तिनं उखळात हात घालून मूठभर गहू काढले, तळव्यावर पसरले, बोटानं एकेक बाजूला केला. साबूत, तुटका, तुटका, साबूत, पीठ.

"कुणाच्या टाळक्यात घालूलालास?"

मग तिनं सांगितलं की मुसळ हाणायचं नसतं. वर न्यायचं आणि सोडायचं. पडायचं त्याचं ते पडतं. हात फक्त सरळ पडतंय ना, एवढं बघतो. आणि ते मधोमध पडायचं नाही, थोडं कडेला, म्हणजे गहू खालून वर फिरत राहतो, दाण्यावर दाणा घासतो आणि साल निघते. म्हणजे गव्हाला मुसळानं नव्हे, गव्हानंच सोलायचं. हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी जन्मभर मुसळालाच श्रेय देत बसलो असतो.

पाऊण तास केलं. खांद्यात गोळे आले. पण विसाव्या मिनिटाला कुठंतरी आवाज बदलला. आधी ठक्क ठक्क होत होतं, आता खसफस असा ओलसर, भरलेला आवाज येऊ लागला. साल सुटायला लागली की असाच आवाज होतो, दोड्डव्वा म्हणाली. मग आपणहून बोलायला लागली. पूर्वी या उखळाशी दोन बायका समोरासमोर, दोन मुसळं, एक वर एक खाली. गड्ड्याच्या आधी आठ दिवस रोज दुपारी. "काम कसलं, बोलायला मिळायचं," म्हणाली. मुसळाच्या आवाजात सोप्यात बसलेल्या सासूला काही ऐकू जायचं नाही. कुणाला माहेरी जायचंय, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या नवऱ्यानं गिरणीतली हजेरी बुडवली, सगळं या खड्ड्याशी. सासूला संशय आला की ती हाक मारायची, "मुसळ का थांबलं गं?" म्हणून न थांबता बोलायचं. गप्पा रंगल्या की गहू जास्त सडले जायचे. "तुझ्या अव्वाचं लग्न झालं त्या वर्षीची हुग्गी लई मऊ झालती," एवढं म्हणून ती हसली आणि पुढचं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पाखडायला मी सूप घेतलं आणि निम्मा गहू अंगणात सांडला. ते काम बायकोनं माझ्या हातातून काढून घेतलं. लातूरचं सूप आणि सोलापूरचं सूप एकच असतं, असं ती म्हणाली. कोंडा उडाला, खाली पांढुरके, गुळगुळीत दाणे राहिले. किलोतले पाऊण किलो असतील. फुटके वेगळे काढले. या फुटक्यांनाही मराठीत कण्याच म्हणतात, म्हणजे बाहेर मी कण्या करून ठेवल्या होत्या आणि आतली कणी अजून घालवायची होती.

१३ ला रात्री अर्धा किलो गहू भिजत घातले. मूठभर हरभऱ्याची डाळ वेगळ्या वाटीत, मूठभर तांदूळ तिसऱ्या वाटीत. तांदूळ सगळ्याला मिळून यायला लागतो, नाहीतर गहू एकीकडे आणि गुळाचं पाणी दुसरीकडे. पहाटे साडेचारला उठलो. कुकर की पातेलं यावर वाद झाला. दोड्डव्वाचं म्हणणं पातेलं, माझं म्हणणं सिलिंडर. शेवटी कुकरला आठ शिट्ट्या, मग बारीक गॅसवर वीस मिनिटं, आणि तिथून पुढे कल्हईच्या पितळी पातेल्यात. गव्हाच्या चौपट पाणी घातलं होतं, ते सगळं आत गेलेलं. झाकण काढलं तेव्हा दाणे फुगून तोंड उघडून बसले होते. मागच्या वर्षी याच ठिकाणी माझा घात झाला होता.

सात वाजता दोड्डव्वाला स्टूल दिलं. तिनं पळी मागितली. एक दाणा वरचा, एक मधला, एक तळाचा. तीन दाणे डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या अंगठ्यानं एकेक चिरडला आणि बोट बाजूला घेतलं. मी वाकून पाहिलं. दाणा पसरला होता, पिठूळ झाला होता, आणि मधोमध मोहरीच्या अर्ध्याएवढा एक पांढरा, घट्ट ठिपका. आजूबाजूचं सगळं काचेसारखं पारदर्शक, तो एवढाच चुनखडीसारखा. हीच कणी. माझ्या घरात मी ४९ वर्षं हुग्गी खाल्ली आणि हा ठिपका पहिल्यांदा पाहिला. अव्वा दर वर्षी पाहत असणार, आणि मी दोन हातांच्या अंतरावर चहा पीत असणार.

"इन्ना बेंदिल्ला." अजून नाही.

आधणाचं पाणी घाल, गार घालू नकोस, लाकडी रवीनं कडेनं घोटत राहा. साडेसात. "इन्ना बेंदिल्ला." आठ. पंख्याखालीही घाम. साडेआठ. दोन दाणे पास, तळाचा नापास. लांबून हलग्या ऐकू येऊ लागल्या. हिरेहब्बू वाड्याकडून नंदीध्वज निघाले होते. तिथून ते विजापूर वेस, पंचकट्टा करत देवळाकडे जातात. आमचा बोळ रस्त्याच्या आत आहे, पण गॅलरीत उभं राहिलं तर ध्वजाचं टोक आणि त्याचं डुलणं दिसतं. तेवढं दरवर्षी बघतो. घरातली सगळी गॅलरीत गेली. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर उठला आणि भांड्यावरचं झाकण थरथरल्यासारखं वाटलं. मी रवी सोडली असती तर तळाला लागलं असतं. एकेक करत सातही ध्वज कानानं मोजले. प्रत्येकाच्या आधी वाद्यांचा जोर चढतो आणि मग माणसांचा.

दोड्डव्वाही गॅलरीत गेली नव्हती. स्टुलावर बसल्या बसल्या हात जोडले, कपाळाला लावले, आणि तेच हात खाली घेऊन पळी पुढे केली. वरचा, मधला, तळाचा. तळाचा दाणा तिनं दोनदा चिरडला. बोट चष्म्याजवळ नेलं. मग माझ्यापुढे धरलं. सगळा दाणा एकसारखा, कुठंही ठिपका नाही.

"बेल्ल हाक."

गूळ चिरून ठेवला होता. गहू अर्धा किलो, गूळ सहाशे ग्रॅम. गर्द रंगाचा, बिनरसायनाचा असं विकणारा म्हणाला होता. पिवळाधमक दिसणारा गूळ मी घेत नाही, तो पिवळाधमक कशानं होतो ते आमच्या धंद्यात माहीत असतं. गूळ पडताच हुग्गी एकदम पातळ झाली. पाचच मिनिटांत घट्ट गोळ्याचं पाणचट काहीतरी झालं आणि माझं काळीज पुन्हा खाली गेलं. गूळ पाणी सोडतो, गप ढवळ, असं दोघीजणी एकदम म्हणाल्या, एक कानडीत आणि एक मराठीत. अर्ध्या तासात ती पुन्हा जागेवर आली. मग भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस, खसखस, वेलदोडा, सुंठ, जायफळ नखाएवढं, आणि बडीशेप. बडीशेपेवरून बायकोनं तोंड वाकडं केलं. तिच्या मते बडीशेप जेवणानंतर खायची वस्तू आहे, जेवणात नव्हे. असेल. पण तिच्याशिवाय मला ती हुग्गी वाटत नाही, मग निबंधात खीरच लिहिली असती.

दुपारी अक्षता पडल्या, माणसं आली, २२ ची या वेळी १९ होती. ताटं मांडली, हुग्गी मधोमध, तुपाचा खड्डा, शेजारी बाजरीची भाकरी, गरगट्टा, शेंगाचटणी. भाच्यानं पहिला घास घेण्याआधी चमच्यानं उकरून बघितलं. मग खाल्लं. मग पातेल्याकडे बघितलं. चुलतभाऊ म्हणाला, "गोड जरा कमी हाय बघ." म्हणजे खायला लागला होता, चघळत असताना माणूस गोडाचं बोलत नाही. दोड्डव्वानं किती खाल्ली ते मी मोजलं नाही. तिची वाटी मात्र या वेळी जागेवरच होती.

मुसळ परत करायला गेलो तेव्हा डब्यातून थोडी हुग्गी नेली. काकूंनी डबा घेतला, मुसळावरचा कोंड्याचा पांढरा थर बोटानं पुसला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी ठेवू काय तुमच्यासाठी?"

रात्री पातेल्यात तळाला दोन वाट्या उरल्या होत्या. बायको म्हणाली, उद्या सकाळी माझ्या पद्धतीनं करते. मी म्हणालो, गुळात दूध फाटेल. उकळत्या गुळात तापलेलं दूध घातलं की नासतं, म्हणून तर आपण ते वाटीत वरून घेतो. तिनं मला एवढं लांबलचक सांगू दिलं आणि मग म्हणाली, "गार झाल्यावर घालतात. गार दूध. एवढं माहीत नाही तुमच्या डाईंगला?"

सकाळी फ्रिजमधली हुग्गी तिनं फोडून मोकळी केली, गार दूध थोडं थोडं घालत पातळ केली, आणि गॅसजवळही नेली नाही. फाटली नाही. मी ओट्याशी उभं राहून एक वाटी खाल्ली, मग दुसरी. होमाचा दिवस होता, दोड्डव्वा लवकर अंघोळ करून सोप्यात बसली होती. तिनं आतून चमच्याचा आवाज ऐकून विचारलं, काय खाऊलालास रे? मी म्हणालो, कालचीच हुग्गी.